चुंबकाकडे न परतलेली पूड

१

चुंबक रिकामा वर आला.

उशीएवढा मोठा, जड चुंबक, जाड दोरीला बांधलेला. मुंगीने तो हौदात सोडला, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा तळाशी सावकाश फिरवला आणि वर ओढला. त्याच्यावर काळ्या पुडीची दाट लव चढायला हवी होती. चाळीस वेळा चढली होती. एक्केचाळिसाव्या वेळी, नेमकं पाहुण्यांसमोर, त्याच्यावरून नुसतं पाणी निथळलं.

"पुन्हा सोड," सर म्हणाले.

तिने पुन्हा सोडला. पुन्हा तेच. पाणीखात्याचे दोन साहेब एकमेकांकडे बघू लागले. आमच्या संचालक बाईंनी उगाचच घड्याळ पाहिलं.

"सर, पूड नाहीये," मुंगी म्हणाली.

मी मागे नळ्यांची पेटी धरून उभा होतो. मी संस्थेचा काच फुंकणारा. चौतीस वर्षांतले तिथले सगळे चंबू, नळ्या, बरण्या माझ्या फुंकरीतून जन्मलेल्या, म्हणून लहानथोर मला उस्ताद म्हणतात. मुंगी ही सरांची विद्यार्थिनी. पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी घेऊन भिंतीच्या कडेकडेने चालते, म्हणून सरांनीच तिचं ते नाव ठेवलेलं.

आणि पूड म्हणजे सरांचं अख्खं आयुष्य. रंगखान्यातून सुटलेल्या पाण्यात एक पांढरी पूड टाकली आणि ऊन लागलं, की ती रंगाचे तुकडे तुकडे करते, हे जुनंच ज्ञान. पण पांढरी पूड एकदा पाण्यात गेली की सगळी परत हाती लागत नसे. गाळता गाळता अर्धी वाहून जाई. म्हणून सरांनी तिच्या पोटात लोखंडाचा काळा कण घातला. कणावर काचेचा पापुद्रा, पापुद्र्यावर पांढऱ्या पुडीचा लेप. वरचा लेप रंग फोडतो, आणि काम झालं की चुंबक पोटातल्या लोखंडाला हाक मारतो. पूड निमूट घरी येते, धुऊन-वाळवून पुन्हा कामाला लागते. ती मधली काच किती पातळ, किती आचेवर चढवायची, हे मी आणि सरांनी मिळून ठरवलं होतं. तेवढा माझा त्यात वाटा.

त्या दिवशी रंगखान्याच्या मागच्या अंगणात ही सगळी विद्या पाहुण्यांना दाखवायची होती. हौदात कसलंसं गढूळ, तांबूस पाणी. चुंबकाला मात्र काहीच नाही.

"तीन किलो पूड," संचालक बाई हळू आवाजात म्हणाल्या, "जाते कुठे? कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"एक सरांकडे," मुंगी म्हणाली. तिने दोरी खाली ठेवली. "आणि एक माझ्याकडे."

सगळ्यांच्या नजरा सरांवरून घसरल्या आणि तिच्यावर येऊन थांबल्या.

२

"पोलिसांत गेले तर उद्या वर्तमानपत्रात येईल," संचालक बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितलं. "तुम्ही इथे सगळ्यांच्या आधीपासूनचे. लोक तुमच्याशी बोलतात. जरा बघा."

"मी काच फुंकतो बाई. मला फुंकर मारायची सवय, फुंकून प्यायची नाही."

"थट्टा नको, उस्ताद. त्या मुलीला परदेशी कंपनीचं बोलावणं आहे. मागच्या आठवड्यात पत्र आलं. हातात पूड असली तर तिची किंमत केवढी वाढेल, तुम्हीच सांगा. बुधवारी अकराला समिती बसतेय. चोरी ठरली तर तिचं नाव काढून टाकावं लागेल. पाच वर्षांचं काम, प्रबंध, सगळं. पुढे तिला कुणी दारात उभं करणार नाही."

आज सोमवार. म्हणजे हातात जेमतेम दीड दिवस.

मुंगी प्रयोगशाळेत मोरीशी उभी होती. हात ओले, बाह्या वर केलेल्या. मला बघून तिने नळ बंद केला.

"पोरी, मला सगळं पहिल्यापासून सांग. पूड हौदात पडते कशी?"

"आदल्या संध्याकाळी डब्यात रंगाच्या पाण्यात भिजवायची," ती पाठ म्हणावं तसं म्हणाली. "वर काळं फडकं. आधी अंधारात रंग पुडीला चिकटू द्यायचा, मगच ऊन दाखवायचं. नाहीतर नुसता चिकटलेला रंग कुठला आणि फुटलेला कुठला, ते कळत नाही. सकाळी आठला डबा रंगखान्यात नेला. मुकादमांनी हौदात ओतला."

"आणि काल संध्याकाळी डबा कोणी भरला?"

तिने ओले हात एकमेकांवर चोळले.

"मी," ती म्हणाली.

"तीन किलो पूड भरलीस?"

"नाही." तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "डब्यात साधा गाळ घातला. पूड मीच नेली, उस्तादकाका. बाईंना सांगा. समितीपुढेही मी हेच सांगणार."

३

चोराला आपण चोरलेली वस्तू कुठे ठेवली, एवढं तरी ठाऊक असतं. मुंगीला ते सांगता येईना. कुणाला दिली? गप्प. कुठे ठेवली? गप्प. तिच्या चेहऱ्यावर चोराची भीती नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्या माणसाचा थकवा होता.

माझी आई दळताना म्हणायची,

वरी नितळ पाणी गं, खाली गाळाचा बिछाना
ज्याचं दुःख तोच जाणे, हंडा वरून कळेना

तळाशी काय आहे ते बघायला मी मंगळवारी सकाळी रंगखान्यात गेलो. मुकादम दारातच भेटला. कोपरापर्यंत हात निळे, नखं हिरवी.

"या उस्ताद. चोर सापडला?"

"तूच नाहीस ना?"

"मी पूड चोरून काय भाकरीला लावू?" तो हसला, मग गंभीर झाला. "माझं घर ओढ्याच्या खालच्या अंगाला आहे. बायको सकाळी हंडा भरते तेव्हा आधी बघते, आज आपण कोणता रंग रंगवला. ती पूड चालली असती तर सर्वात आधी माझ्या घरी दिवा लागला असता. बिचारी पोर. चांगली होती हो."

"होती काय, आहे अजून. डबा तू ओतलास ना? काय दिसलं?"

"गाळ. निळ्या पाण्यातला." तो जरा थांबला. "एक सांगू? हसाल तुम्ही. जांभळट झाक होती त्याला."

"त्यात हसायचं काय?"

"अहो, बत्तीस वर्षं रंगातच आहे मी. काळं निळ्यात घाला, काळंच दिसतं. जांभळं व्हायला तांबडं लागतं. मला वाटलं आमच्याच कुठल्या बादलीचा हात लागला असेल."

आम्ही हौदाशी गेलो. बाईंनी तो कुणी ढवळू नये म्हणून बजावलं होतं. एका रात्रीत पाणी वर निवळलं होतं, तळाशी विटकरी गाळ साचला होता. रंगखान्यात तांबडा गाळ बघून कोण दचकणार? कालही कुणी दचकलं नव्हतं. मीही नाही.

हौदाच्या काठावर मात्र एक बरणी उभी होती. माझ्याच हातची. तिला सर साक्षीदार म्हणतात. हौदात जे पाणी, तेच पाणी त्या बरणीत, तेच ऊन, फक्त पूड नाही. उन्हाने आपोआप किती रंग उडाला, त्याची साक्ष ती देते. बरणीतलं पाणी अजून मोरपिसासारखं गडद निळं होतं.

मी तिच्याकडे पाहिलं, मग हौदाकडे.

"मुकादम, हौदात काल सकाळी कोणता रंग सोडला होता?"

"निळाच की. हाच."

हौदात निळ्याचा मागमूस नव्हता. डब्यात साधा गाळ असता, तर हौदही या बरणीसारखाच निळा राहिला असता. चोरी झालीच नव्हती. पूड हौदात पडली होती, दिवसभर इमानाने राबली होती, आणि आत्ता या क्षणी ती आमच्या डोळ्यांसमोर होती.

मग चुंबकाची हाक तिला ऐकू का आली नाही?

४

ओंजळभर विटकरी गाळ मी बाटलीतून माझ्या कामाच्या खोलीत आणला. दोन सारख्या नळ्या घेतल्या, दोन्हींत मुकादमाचा निळा रंग भरला. एकीत चिमूटभर गाळ टाकला, दुसरी कोरी ठेवली. आधी टेबलाखाली अंधारात, मग खिडकीत उन्हात.

माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच बोळात भट्टी आहे. लोखंडी दाराची, जुनी. हल्ली ती सहसा कोणी पेटवत नाही. तिच्या शेजारच्या फळीवर चिनीमातीच्या मुशी ओळीने पालथ्या असतात, सगळ्यांवर बोटभर धूळ. त्यातली सर्वात मोठी मूस त्या दिवशी स्वच्छ होती. नुकतीच घासून ठेवलेली.

मी ती उचलून उजेडात धरली. आतल्या बाजूला, जिथे झिलई जराशी तडकली होती, तिथे एक गुलाबी रेघ राहिली होती. घासूनही न गेलेली.

काळं लोखंड हवेत खूप तापलं की तांबडं होतं. आणि तांबडं झालं की चुंबकाशी असलेलं त्याचं नातं तुटतं. हे मला सरांनीच शिकवलेलं. चहा पिता पिता, खिळा लाल करून.

कुणीतरी ती तीन किलो पूड भट्टीत भाजली होती. पण का?

वैऱ्याने? वैरी असता तर त्याने ती ओढ्यात ओतली असती, ते सोपं होतं. भाजून, निवल्यावर पुन्हा डब्यात नीट भिजवून, वर काळं फडकं घालून कोण ठेवतो? असं तर माया करणारं माणूसच करतं.

आणि मोरीशी ओल्या हातांनी उभी असलेली मुंगी मला आठवली. मूस तिनेच धुतली होती. पण भाजली तिने नव्हती. तिला ही पूड तळहातासारखी ठाऊक, नव्वद अंशांवर ती वाळवताना पोर जागची हलत नसे.

दारावर टकटक झाली. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उंबऱ्यात उभ्या होत्या. सरांना घरी न्यायला आल्या होत्या. हल्ली रोज येत.

"भाऊजी," त्या आत येत म्हणाल्या, "एक विचारायचं होतं. शनिवारी तुम्ही दिवसभर इथेच होतात ना? हे म्हणाले, उस्तादाकडे भट्टीचं काम आहे, संध्याकाळी येतो."

शनिवारी संस्थेला सुट्टी होती. मी माझ्या थोरल्या बहिणीच्या गावी होतो.

५

माझा चेहरा बघून त्या खुर्चीवर बसल्या. माणूस पडतो तशा.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या.

खिडकीतल्या एका नळीतला निळा रंग फिका होत चालला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल. आधी चष्मा, किल्ल्या. त्याचं कोण काय मनावर घेतो? मग एक दिवस मला म्हणाले, थोरला अजून शाळेतून आला नाही. थोरल्याला आता दोन मुलं आहेत, भाऊजी." त्यांनी हात मांडीवर घट्ट धरले. "जुनं सगळं लख्ख आठवतं. कालचं जातं. इथे आले की मात्र बरे असतात. इथली प्रत्येक फळी त्यांच्या हाताला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, जाता येईल तोवर जाऊ द्या. कळलं तर इथून त्यांना काढतील, म्हणून मी गप्प. त्या मुलीच्या लक्षात आलं होतं. ती रोज त्यांच्या वहीत दुसऱ्या दिवशीचं काम लिहून ठेवते. मला म्हणाली, काकू, मी आहे ना."

आता सगळं माझ्या ध्यानात आलं. पांढऱ्या पुडीचा काळ मला आठवला. तेव्हा गाळून जी काही हाती उरे, ती आम्ही सहाशे अंशांवर भाजत असू. चिकटलेला मळ जळून जाई आणि पूड पुन्हा नवी नवरी होई. पाहुणे येणार म्हणून सरांनी शनिवारी आपली पूड सजवायला घेतली. फक्त मधली अकरा वर्षं त्यांच्या हातांतून निसटली. पुडीच्या पोटात आपणच लोखंड ठेवलंय, एवढंच ते विसरले.

संध्याकाळी मुंगीला मी बोळात गाठलं.

"मूस नीट घासली नाहीस, पोरी."

ती भिंतीला टेकली. "सांगू नका, उस्तादकाका. मी तरुण आहे, कुठेही पोट भरेन. सरांना इथून काढलं तर ते घरात बसून... त्यांना स्वतःचं घर परकं वाटतं हो."

"आणि तुझं नाव?"

"नावाचं काय. ठेवलेलंच आहे सरांनी, मुंगी." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

एकीला वाचवावं तर दुसऱ्याची जागा जाते, दुसऱ्याला वाचवावं तर पोरीचं आयुष्य. त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे एक वाट सुचली. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होणार होतो. गुन्हा मीच अंगावर घेतला तर कुणाचं काय जाणार होतं?

६

बुधवारी साडेदहाला मी दोन्ही नळ्या घेऊन सरांच्या खोलीत गेलो. संचालक बाई मुंगीला समितीपुढे न्यायला आल्या होत्या. मुंगी दाराशी पिशवी सावरत उभी होती. सर खिडकीत होते, इस्त्रीच्या सदऱ्यात, वहिनींनी विंचरून दिलेल्या केसांचे.

"बाई, पूड मुंगीने नेली नाही," मी म्हणालो. "पूड कुठेच गेली नाही." आणि नळ्या टेबलावर ठेवल्या.

बाईंच्या आधी सरच पुढे झाले. त्यांनी निळी नळी उचलली. "हा साक्षीदार." मग दुसरी, पाण्यासारखी स्वच्छ, तळाशी विटकरी गाळ असलेली. त्यांनी टेबलावरचा लहान चुंबक नळीला लावला. गाळ हलला नाही. आणि त्यांच्या डोळ्यांत असं तेज आलं, जसं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"वा! म्हणजे चोरी नाहीच. वरचा लेप जिवंत आहे, नाहीतर निळा रंग गेला नसता. मेलंय ते पोटातलं लोखंड. ते कशाने मरतं, मुंगे?"

मुंगी गप्प.

"अगं, परीक्षेतला प्रश्न आहे."

"उष्णतेने, सर," ती कशीबशी म्हणाली.

"बरोबर. भट्टीत घातली कुणीतरी. वाईट हेतूने नव्हे हं, बाई. त्याला ती स्वच्छ करायची होती. पांढरी पूड आपण अशीच भाजायचो, उस्ताद, आठवतं ना? म्हणजे हा माणूस पांढऱ्या पुडीच्या काळातला." त्यांनी पंजा उघडला आणि एकेक बोट मिटायला घेतलं. "मुंगी नाही, ती तेव्हा शाळेत होती. बाई सहा वर्षांपूर्वी आल्या, त्या नाहीत. मुकादमाने भट्टी पाहिलेलीही नाही. उरलो दोघं. तू आणि मी."

"मीच, सर," मी म्हणालो. "मीच भाजली. चुकून."

मुंगीने चमकून माझ्याकडे पाहिलं.

सर मोठ्याने हसले. "तू? मधल्या काचेला किती आच सोसते, हे मला तू शिकवलंस. तुझ्या हातून ही चूक स्वप्नातही व्हायची नाही. कुणाला पाठीशी घालतोयस रे?" आणि हसत हसत त्यांनी माझं बोट मिटलं.

एकच बोट उरलं.

त्या बोटाकडे ते पाहत राहिले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, आणि हळूहळू त्याच्यातून माणूस निघून गेला.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. "अजिबात आठवत नाही. पण दुसरं उत्तरच निघत नाही ना, उस्ताद?"

मला मान हलवावी लागली. त्यांच्याशी कधी खोटं टिकलं नव्हतं. आज तर मुळीच नाही.

"मुंगे, तुला ठाऊक होतं."

तिने मान खाली घातली.

"आणि तू चोर व्हायला निघालीस. माझ्यासाठी." ते तिच्याकडे बघत होते, वर्गात चुकलेलं गणित बघावं तसे. "मी तुला एवढं चुकीचं शिकवलं?"

"सर, आपण हे सावकाश बोलू," संचालक बाई म्हणाल्या. "समिती मी पुढे ढकलते. उद्या..."

"उद्या नको." सर खुर्चीत बसले आणि त्यांनी कागद पुढे ओढला. "उद्याचं मला सांगता येत नाही, बाई. आत्ता अकराला दहा कमी आहेत आणि आत्ता मला सगळं स्पष्ट दिसतंय. संध्याकाळी कदाचित मीच तुम्हाला म्हणेन, पोरीनेच नेली. तेव्हा हा कागद मला दाखवा."

त्यांनी लिहायला सुरुवात केली. अक्षर पूर्वीसारखंच, मोत्यासारखं. शनिवारी पूड मी भाजली. डबा मी भरला. या कामातलं चाळीस खेपांचं सगळं यश माझ्या विद्यार्थिनीचं, आणि एक्केचाळिसावी चूक माझी. एवढं लिहून ते थांबले, वर पाहिलं.

"तुझं खरं नाव काय गं?"

तिने सांगितलं. ते त्यांनी नीट लिहिलं, खाली सही केली, पुढे तारीख आणि वेळ घातली, आणि मला म्हणाले, "आता मला घरी सोड, उस्ताद. ही येईल इतक्यात, तिला उगाच जिने चढायला नकोत."

मुंगी टेबलाशी आली, कागद घ्यायला वाकली, आणि तिथेच तिचा बांध फुटला.

सरांनी कागद तिच्यापासून अलगद लांब सरकवला.

"तिकडे तोंड करून रड, बाळ," ते म्हणाले. "शाई ओली आहे अजून."